कोळशाच्या रुळाला हमी मिळाली, आपल्या मालाला कधी?

नांदेडहून लातूरला जायचं असेल तर शहाणा माणूस एसटी पकडतो. रस्त्यानं अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेनं जायचं तर पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड आणि मग लातूर, असा दोनशे किलोमीटरच्या पुढचा वळसा. मला रुळांचं वेड आहे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी हा वळसा मुद्दाम घेतला.

गंगाखेड सोडल्यावर एका छोट्या स्टेशनात आमची गाडी बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग मालगाडी आली. डबे मोजायची लहानपणापासूनची सवय आहे, अठ्ठावन्न भरले. सगळे कोळशाचे, परळीच्या औष्णिक वीज केंद्राकडे निघालेले. समोरच्या बाकावरचे एक काका खिडकीतून बघत म्हणाले, "कोळशाला घाई आहे बाबा, आपल्याला काय."

काकांनी हे सहज म्हटलं होतं, पण मला ते सोडेना. डेस्कवर परत आल्यावर या भागातल्या रेल्वेचा इतिहास उघडून बसलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की कोळसा आधी आणि बाकी सगळे नंतर, हा क्रम आजचा नाही. निजामाच्या राज्यात पूर्वेकडची मोठी रेल्वे वाढली तीच कोळसा आणि समुद्र ही दोन नावं डोळ्यांसमोर ठेवून. तिच्या करारात एक शब्द होता, 'हमी'. मराठवाड्यात आज हा शब्द फक्त हमीभावाच्या मोर्चात ऐकू येतो. त्या काळी हमी होती, पण ती वेगळ्याच माणसांना होती.

आधी थोडं गणित

परळीत आज २५० मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ७५० मेगावॉट. तिन्ही संच पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालले तर १ कोटी ८० लाख युनिट वीज तयार होते. आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीनुसार एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो असं धरू. म्हणजे दिवसाला बारा-साडेबारा हजार टन. एका मालगाडीत साडेतीन ते चार हजार टन कोळसा मावतो. हिशेब सोपा आहे: केंद्र भरभरून चालवायचं तर रोज तीन ते चार गाड्या आल्याच पाहिजेत. एकेरी रुळावर त्यांना वाट द्यायची, म्हणजे कुणीतरी बाजूला उभं राहणारच.

भारतीय रेल्वे जेवढा माल वाहते त्यात वजनानं जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे. पॅसेंजरचं तिकीट स्वस्त राहतं तेही बऱ्याच अंशी मालवाहतुकीच्या कमाईवर. त्यामुळे कोळशाच्या गाडीला शिव्या देणं सोपं असलं तरी प्रामाणिकपणाचं नाही. माझा पंखा तिच्यावर चालतो आणि माझं तिकीटही. प्रश्न वेगळा आहे. रूळ टाकताना कोणत्या मालाचा विचार होतो, आणि तोटा आला तर तो कुणाच्या खिशातून भरला जातो?

वाडीचा फाटा: १८७४

निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. मुंबई आणि मद्रास ही दोन्ही बंदरं इंग्रजांच्या हातात होती. मुंबईहून रायचूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे १८७१ पर्यंत निजामाच्या मुलखातून पुढे गेली. त्या मार्गावरच्या वाडी स्टेशनापासून सिकंदराबादपर्यंत फाटा काढला गेला आणि १८७४ मध्ये तो सुरू झाला. हैदराबाद अशा रीतीनं मुंबई बंदराला जोडलं गेलं. हा फाटा ब्रॉडगेज होता, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. मुंबईहून निघालेला डबा डबल-हाताळणीशिवाय थेट सिकंदराबादला पोचायचा. ही गेजची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या मुळावर येणार आहे.

आता कोळसा. त्या काळी पश्चिम भारतातल्या गिरण्या आणि इंजिनं मोठ्या प्रमाणात इंग्लंडच्या कोळशावर चालत. बंगालचा कोळसा रेल्वेनं मुंबईपर्यंत आणणं महाग पडायचं; त्यापेक्षा जहाजातून आलेला विलायती कोळसा परवडायचा. म्हणून दख्खनमध्ये कुठे कोळसा सापडतो का, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. आज आनंदवनामुळे माहीत असलेल्या वरोऱ्यात १८७०च्या दशकात खाण सुरू झाली आणि १८७७ मध्ये वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. तिचं नावच होतं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. त्याच सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना निजामाच्या मुलखात येल्लंदूजवळ कोळशाचे थर सापडले. पुढे या कोळशाला नाव पडलं सिंगरेणी.

१८८३: 'चांदा रेल्वे'वरून हैदराबाद पेटलं

आता योजना आली. सिकंदराबादची रेल्वे वरंगळकडे वाढवायची. तिथून एक हात दक्षिण-पूर्वेला बेझवाड्याकडे, म्हणजे आजच्या विजयवाड्याकडे, समुद्राच्या दिशेनं. दुसरा हात उत्तरेला चांद्याकडे, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडे, कोळशाच्या दिशेनं. कोळसा आणि बंदर एका कागदावर आले. रेल्वे बांधायला लंडनमध्ये कंपनी काढायची, भांडवल तिथले भागधारक देणार, आणि हैदराबादच्या तिजोरीनं त्यांना परताव्याची हमी द्यायची.

हैदराबादमध्ये काही सुशिक्षितांनी विचारलं: अटी काय आहेत? करार लोकांसमोर ठेवा. हे विचारणाऱ्यांत तिथल्या कॉलेजचे प्राचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. या प्रश्नाची शिक्षा म्हणून १८८३ मध्ये त्यांना नोकरीतून निलंबित करून राज्याबाहेर घालवलं गेलं. पुढे त्यांना परत बोलावलं, पण तोवर करार होऊन गेला होता. डिसेंबर १८८३ मध्ये सही झाली आणि 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' कंपनी उभी राहिली. 'गॅरंटीड' हा शब्द कंपनीच्या नावातच आहे.

रेल्वेचा करार बघू द्या म्हटलं म्हणून हद्दपारी! या भागातल्या सार्वजनिक चळवळींचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा १९३८ च्या सत्याग्रहापासून सुरुवात करतो. त्याच्या पंचावन्न वर्षं आधी, एका कोळशाच्या रेल्वेवरून लोकांनी सरकारला हिशेब मागितला होता, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

हमी म्हणजे नेमकं काय?

समजा, कंपनीनं रेल्वेत १०० रुपये घातले. करारात वीस वर्षं पाच टक्क्यांची हमी होती. म्हणजे दर वर्षी भागधारकांना ५ रुपये मिळणारच. रेल्वेनं खर्च वजा जाता ५ रुपये कमावले तर ठीक. ३ कमावले तर उरलेले २ सरकारच्या तिजोरीतून. काहीच कमावलं नाही तर पाचही तिजोरीतून. आमच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राचा एक पेपर होता. धोका आणि नफा जोडीनं चालतात असं त्यात शिकवलं होतं. इथे नफा एका बाजूला आणि धोका दुसऱ्या बाजूला बसला होता.

आणि हैदराबादची तिजोरी भरायची कशानं? मुख्यतः जमीन महसुलानं. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजाराचं गाव होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं. मांजरा आणि गोदावरीच्या काठच्या काळ्या रानात राबणारा शेतकरी जो सारा भरत होता, त्यातूनच तेलंगणातून समुद्राकडे जाणाऱ्या रेल्वेची हमी पाळली जात होती. तो रूळ त्याच्या गावापासून शेकडो किलोमीटर लांब होता.

एक बाजू न्यायानं सांगायला हवी. अशी हमी ही निजामाची खास चूक नव्हती. जीआयपीसह भारतातल्या पहिल्या बहुतेक रेल्वे कंपन्या हमीवरच उभ्या राहिल्या. त्याशिवाय लंडनचा पैसा इकडे आलाच नसता आणि रूळही आले नसते, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं. भांडवल बोलवायचं तर काहीतरी खात्री द्यावी लागतेच. माझी हरकत एकतर्फी हमीला आहे. कंपनीला खात्री मिळाली. त्या बदल्यात रयतेला काय मिळणार, कोणत्या गावाला कधी रूळ मिळणार, मालाला काय दर लागणार, याची खात्री कुणी मागितली नाही. मागणारे हद्दपार झाले.

कोळसा समुद्राकडे निघाला

रूळ वेगानं पुढे गेले. वरंगळ झालं, डोर्णकल झालं. डोर्णकलपासून खाणीपर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८८९ मध्ये मुख्य मार्ग बेझवाड्याला पोचला आणि १८९९ मध्ये बेझवाडा मद्रासला जोडलं गेलं. खाणीतून निघालेल्या कोळशाला बंदरापर्यंत सलग वाट मिळाली. सिंगरेणीचा कोळसा दक्षिणेतल्या रेल्वे आणि गिरण्या घेऊ लागल्या.

खाणींचं प्रकरण तर आणखी रंगलं. १८८६ मध्ये खाणींची सवलत लंडनच्या मंडळींना दिली गेली आणि 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' निघाली. निजामाच्या वतीनं बोलणी करणारे अधिकारी अब्दुल हक यांचेच या कंपनीच्या शेअरमध्ये हितसंबंध असल्याचं बाहेर आलं. गवगवा इतका झाला की १८८८ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. ज्या करारावर प्रश्न विचारणाऱ्यांना पाच वर्षांपूर्वी गप्प केलं होतं, त्याच्या जोडीचा करार आता जगासमोर उघडा पडला. हिशेब वेळीच मागितला तर तो आंदोलन ठरतो. उशिरा मागितला की घोटाळ्याची चौकशी.

चांद्याचा हात मात्र तेव्हा बांधलाच गेला नाही. काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा पूर्ण व्हायला १९२०च्या दशकाची अखेर उजाडली. आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या धावतात तो हाच मार्ग.

मग नांदेड-लातूरला काय मिळालं?

नांदेडला रेल्वे आली, पण उशिरा आणि अरुंद. सिकंदराबाद ते मनमाड ही 'हैदराबाद गोदावरी व्हॅली रेल्वे' १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. लांबी ३९१ मैल, म्हणजे जवळपास ६३० किलोमीटर. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद असा सगळा कापसाचा पट्टा तिनं जोडला. पण हा रूळ मीटरगेज होता, १,००० मिलिमीटरचा. कारण उघड आहे: अरुंद रूळ, हलकी इंजिनं, छोटे पूल, कमी खर्च.

लातूरची गोष्ट त्याहून बारीक. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरनं उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिचं गेज होतं फक्त ७६२ मिलिमीटर. इंजिनीअर म्हणून मला कॅलथ्रॉपचं कौतुक आहे. दर आसाला पाच टनांपेक्षा जास्त भार पडू न देता जास्तीत जास्त माल कसा वाहायचा, हे त्यानं या रेल्वेत करून दाखवलं आणि जगभरच्या छोट्या रेल्वेंनी ते गिरवलं. पण अरुंद रूळ संपतो तिथं डबाही संपतो. कुर्डुवाडीत छोट्या डब्यातल्या गठाणी उतरवायच्या आणि मुंबईच्या मोठ्या डब्यात चढवायच्या. मनमाडला नांदेडच्या मालाचं तेच. प्रत्येक उतरवणीला हमाली, प्रत्येक चढवणीला वेळ, मधल्या मध्ये फाटकी पोती आणि पावसात भिजलेली रुई.

माझे आजोबा लातूरच्या गंजगोलाईत एका अडतीवर मुनीम होते. ते सांगायचे, "माल लातूरहून निघाला की अर्धी काळजी कुर्डुवाडीची." मुंबईचा व्यापारी भाव ठरवताना ही हमाली आणि घट धरूनच बोलायचा. ती शेवटी वजा व्हायची शेतकऱ्याच्या पट्टीतून.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. कोळशाला खाणीपासून मद्रासपर्यंत सलग ब्रॉडगेज आणि भागधारकांना पाच टक्के. कापसाला मध्येच तुटणारा रूळ आणि हमाली. हा फरक निसर्गानं केलेला नाही. कोणत्या मालासाठी किती खर्च करायचा, हे ठरवणारी माणसं होती. मनमाडकडून नांदेडकडे ब्रॉडगेज यायला १९९०चं दशक लागलं. लातूर-उस्मानाबाद-कुर्डुवाडी हा रूळ रुंद झाला २००७-०८ मध्ये. म्हणजे नव्वद-शंभर वर्षं आपण मालाच्या किमतीतून दुहेरी हमाली भरली.

निजामाला हवं होतं मार्मागोवा

हैदराबादला स्वतःचं बंदर नसल्याची खंत शेवटपर्यंत होती. राज्य भारतात विलीन होण्याआधीच्या धामधुमीत, १९४७-४८ मध्ये, गोव्यातलं मार्मागोवा बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगिजांकडे खटपट करून बघण्यात आली. १७ सप्टेंबर १९४८ ला तो विषय संपला.

त्या मार्मागोव्याची रेल्वेही अशाच हमीची लेक. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. ते पैसे गेले रेल्वे कंपनीच्या हमीत. १८८८ मध्ये मार्मागोव्यापासून कॅसल रॉकपर्यंत रूळ पूर्ण झाला. गोव्याच्या मिठागरवाल्यांचा धंदा मात्र बसला.

आज त्याच रुळावरून परदेशी कोळसा बंदरातून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्याकडे जातो. हा मार्ग दुहेरी करायचं ठरलं तेव्हा गोव्यातल्या गावांनी विचारलं: हे आमच्यासाठी की कोळशासाठी? नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर गावात लोक रात्रभर रुळावर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिनईघाट ते कुळे या जंगलातल्या टप्प्याच्या दुहेरीकरणाला दिलेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. गोवेकरांची सगळी मतं पटोत न पटोत, त्यांनी अघोरनाथांचाच प्रश्न विचारला. या वेळी विचारणारे हद्दपार झाले नाहीत, हा एकशे चाळीस वर्षांतला फरक.

कोळसा आला, पाणी नव्हतं

परत आपल्याकडे. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र बंद पडलं. कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात लातूर शहराचे नळ कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली. दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर, ३४२ किलोमीटरचा प्रवास. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि आमच्या खोलीवर आठवड्यातून एकदा टँकर यायचा.

ती गाडी ज्या मार्गानं आली तो जुन्या बार्शी लाइटचाच वारस आहे. शंभर वर्षं जो रूळ आमचा कापूस आणि तेलबिया बाहेर नेत होता, त्यावरून पहिल्यांदाच आमच्यासाठी काहीतरी आत आलं. आणि ते शक्य झालं कारण आठच वर्षांपूर्वी तो रूळ रुंद झाला होता. गेज बदललं नसतं तर मिरजेच्या टाक्या कुर्डुवाडीतच थांबल्या असत्या. रूळ रुंद करण्याचा खर्च 'परवडत नाही' असं जे इतकी वर्षं सांगितलं गेलं, त्या हिशेबात तहान कुठल्या रकान्यात धरली होती?

आता काय मागायचं?

सध्या मराठवाड्यात रेल्वेच्या कामांची रेलचेल आहे. मुदखेड-परभणी दुहेरीकरण झालं. जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला जातोय आणि त्याचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. जालन्यात ड्राय पोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं. पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. कागदावर बघितलं तर मराठवाडा बंदराच्या कधी नव्हे इतका जवळ आला आहे.

पण आपल्याकडची रेल्वेची मागणी अजून एकाच सुरात होते: अमुक एक्स्प्रेसला थांबा द्या, तमुक गाडी मुंबईपर्यंत वाढवा. तीही गरज आहेच. माझं म्हणणं आहे की त्यासोबत मालाचं बोलायला आपण शिकलं पाहिजे. मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, प्रत्येक नव्या मार्गाच्या मालवाहतुकीचा अंदाज लोकांसमोर, मराठीत, ठेवावा. कोणता माल, कुठून कुठे, वर्षाला किती टन. कोळसा किती आणि शेतमाल किती. १८८३ मध्ये जे मागितलं म्हणून माणसं हद्दपार झाली, ते आता वेबसाइटवर एका पीडीएफमध्ये बसू शकतं.

दुसरी, छोट्या मालाला डबा. 'कोळशाचे डबे रिकामे परत जातात, त्यात सोयाबीन भरा', असं पुढारी भाषणात म्हणतात. ते होत नाही. कोळशाचे डबे वरून उघडे असतात. धान्याला बंद डबे लागतात आणि त्यांची पूर्ण गाडी भरायला अडीच हजार टनांच्या आसपास माल लागतो. लातूर-उदगीरच्या डाळ मिलवाल्याला किंवा अर्धापूरच्या केळीवाल्या शेतकरी कंपनीला तो एका दिवशी जमवणं अशक्य. त्याला जमेल ते कंटेनरचं. एका छोट्या कंटेनरात वीस-बावीस टन. म्हणून मागणी अशी हवी: लातूर आणि नांदेडहून न्हावा शेव्याला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात कंटेनर गाडी. भरली तरी निघणार, अर्धी भरली तरी निघणार. किसान रेलच्या वेळी, २०२० नंतर, भाड्यात निम्मं अनुदान होतं तेव्हा नगरसोलहून कांद्याच्या गाड्या एकामागून एक सुटल्या. अनुदान थांबलं आणि तो ओघही आटला. अनुदान येतं-जातं. वेळापत्रक टिकलं तर व्यापारी त्यावर धंदा बांधतो.

यावर रेल्वेचा अधिकारी विचारेल, अर्ध्या रिकाम्या गाडीचा तोटा कुणी भरायचा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर जुन्या करारातच आहे. लंडनच्या भागधारकांना वीस वर्षं हमी देता येत होती, तर सोयाबीनच्या गाडीला पाच वर्षं का देता येऊ नये? अट एकच: हमी दोन्ही बाजूंनी असावी. बाजार समित्या, मिलवाले आणि शेतकरी कंपन्यांनी वर्षाला किमान इतका माल देऊ असं लिहून द्यावं, नाही दिला तर दंड भरावा. रेल्वेनंही गाडी नाही सोडली तर भरपाई द्यावी.

तिसरी गोष्ट लहान वाटेल, पण ती त्या बाकावरच्या काकांसाठी आहे. परभणी-परळीसारख्या एकेरी मार्गावर कोळशाच्या गाड्या वाढणार असतील तर दुसरा रूळ आधी आणि वाढीव गाड्या नंतर, हा क्रम लेखी ठरावा. कोळशानं थांबू नये हे मान्य. पण रोज माणसानंच का थांबावं?

जाता जाता

हे सगळं मी गंगाखेडजवळच्या माझ्या मामांना फोनवर सांगितलं. त्यांचं रान रुळाला लागून आहे. अब्दुल हक, लंडन, बेझवाडा, पाच टक्के, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते कळलं रे. मागच्या वर्षीचं निम्मं सोयाबीन अजून घरात पडलंय. ती गाडी सुरू झाली तर कुठं भरायचं, तेवढं विचारून सांग."

मी विचारून सांगतो म्हटलं आहे.